मर्लच्या गाडीला तीन-शून्य-आठ

डोनटच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी सकाळी आठला आमची जी मंडळी जमतात, त्यांतल्या कुणालाही आपल्या बायकोच्या डोळ्यांचा रंग छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सत्तर सालच्या शेव्हेलला कारखान्यातून मागच्या ॲक्सलमध्ये कोणकोणते गिअर बसून यायचे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. दातांच्या संख्येसकट सांगतील. माझ्यासारखा कम्युनिटी कॉलेजात हिशेब शिकवणारा मनुष्य या मंडळीत कसा, तर माझ्याकडेही एक जुनी गाडी आहे आणि ती चालत नाही. सभासदत्वाला एवढं पुरतं.

ॲक्सलच्या गिअरचा मामला तसा सोपा आहे. चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला किती फेरे मारावे लागतात, तो आकडा. आकडा मोठा, म्हणजे समजा चार-दहा, असला की गाडी गोळीसारखी सुटते, पण हायवेवर इंजिन बोंबलत राहतं. आकडा लहान, म्हणजे तीन-शून्य-आठ, असला की गाडी सुटताना आळोखेपिळोखे देते, पण मग दिवसभर गुणगुणत जाते. बस, इतकंच. यावर माणसं किती वर्षं भांडू शकतात? आम्हाला तेविसावं चालू होतं. चार-दहावाले स्वतःला मर्द समजत, तीन-शून्य-आठवाल्यांना बाकीचे 'पेन्शनर' म्हणत, आणि मधल्या तीन-त्र्याहत्तरवाल्यांशी कुणीच बोलत नसे.

मर्ल ब्रँडवी हा आमच्यातला एकटा असा, की ज्याची गाडी त्याच्या बोलण्याइतकी जोरात पळायची. तो फारसा बोलायचा नाही, हे त्याचं एक कारण. काळी शेव्हेल, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, मागं चार-दहा, पाव मैल तेरा सेकंदांच्या आत. आम्ही एखादं काम 'चालतंय की' म्हणून सोडून द्यायचो, तिथं तो पुन्हा सगळं उघडून बसायचा. त्या वर्षी मार्चमध्ये गॅरेजातच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलण्यापैकी एकच शब्द शिल्लक राहिला. काहीही विचारा, मर्ल म्हणायचा, "बरोबर." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. त्याची बायको नोरीन म्हणाली, "एकतीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला."

जूनमध्ये त्याला सत्तेचाळीस मैलांवरच्या एका शुश्रूषागृहात हलवलं. त्याहून जवळ जागा नव्हती. तिथं बाराला जेवणाचं ताट यायचं आणि एकला उचलून न्यायचे. मर्लला गिळायला त्रास व्हायचा. एकेका चमच्याला मिनिट-दीड मिनिट. तिथल्या मदतनीस मुलींकडे प्रत्येकी अकरा म्हातारे. त्या घाई करायच्या, घास ओघळायचा, मर्ल ओठ मिटायचा ते मिटायचा. तो फक्त नोरीनच्या हातून खायचा. आणि वजन आणखी नऊ पौंड उतरलं की पोटात नळी घालणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. नोरीननं नळी पाहिली होती. तिच्या वडिलांनी ती दोनदा उपटली, म्हणून शेवटचे चौदा महिने त्यांचे हात कॉटच्या कठड्याला बांधून ठेवले होते. "मर्लचा एकच हात धड आहे," ती म्हणायची. "तो मी कुणाला बांधू देणार नाही."

म्हणून ती रोज जायची. शाळेच्या स्वयंपाकघरातली सकाळची पाळी अकराला सुटायची. दुपदरी रस्ता, वेगाची मर्यादा पंचावन्न, मध्ये दोन गावं आणि एक नदी. धरून चाला पंचावन्न मिनिटं. अकरा पंचावन्नला ती आत, बाराला ताट. या हिशेबात शिंकायलाही जागा नव्हती.

ऑगस्टमध्ये तिची छोटी गाडी संपली. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि उन्हाळाभर ते मीठ गाड्या खातं. मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर चढवली, तर वरचा भाग वर गेला आणि खालचा विचार करत राहिला. चालती अशी घरात एकच गाडी उरली. मर्लची.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, नोरीन ती शेव्हेल घेऊन आमच्या पार्किंगात आली. आली ते आम्हाला तीन चौकांआधी कळलं. ती उतरली, दार आपटलं आणि सरळ विर्जिल नॅप्कीसमोर उभी राहिली. विर्जिल घरामागच्या गॅरेजात फक्त ॲक्सलची कामं करतो. आसपासच्या चार परगण्यांत ज्या गाडीचा मागून आवाज येतो, ती त्याच्याकडे येते.

"विर्जिल, ही गाडी गप्प बसेल असं काही करता येतं का?"

"गप्प म्हणजे?"

"म्हणजे पंचावन्नला गेलं तरी ही ओरडते पंचाण्णवला गेल्यासारखी. माझं डोकं ठणकतं ते संध्याकाळपर्यंत. पण ते जाऊ दे. परवा उकळली. मंगळवारीही उकळली. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून मी मक्याच्या शेतात उभी, आणि तिकडे त्याचं ताट उचलून नेलं. दोन दिवस उपाशी होता माझा नवरा. चार पौंड गेलेत आधीच."

"चार-दहा आहे गं त्यात," विर्जिल म्हणाला. "ती गाडी पाव मैलासाठी बांधलीय. तू सत्तेचाळीस मैल नेतेस."

"मग जास्त मैलांसाठी बांध."

"तीन-शून्य-आठ टाकावं लागेल."

लमार कोम्ब्सनं हातातला डोनट खाली ठेवला. लमार डोनट खाली ठेवतो म्हणजे बाब गंभीर. त्याचे आजोबा केंटकीच्या डोंगरातून कामासाठी इकडे आले, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषानं निदान एक तरी गाडी झाडावर घातलेली आहे, याचा त्याला अभिमान आहे.

"जिवंत माणसाच्या गाडीतून चार-दहा काढायचं?" लमार म्हणाला. "तेही तो आजारी असताना? अगं, उद्या तो बरा होऊन घरी आला, किल्ली फिरवली, पाय दाबला आणि गाडी सुटलीच नाही तर? तो दुसरा झटका कुणाच्या माथी?"

"लमार, त्याला साधा घास गिळता येत नाही."

"म्हणून काय गिअर काढून घ्यायचे त्याचे?"

"दुसरी एखादी गाडी बघ ना," कुणीतरी मागून म्हणालं.

"तू देतोस?" नोरीन म्हणाली. पार्किंगात त्या वेळी सतरा गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या पाच चालत होत्या आणि त्या पाचही बायकांना द्यायच्या नव्हत्या.

दीड तास चर्चा झाली. मी स्वभावाप्रमाणे तीन-त्र्याहत्तर सुचवलं. माझ्याशी कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं, की मर्ललाच विचारावं. ज्याला बोलता येत नाही त्याचं मत घेण्याचा आमच्याकडे मोठा उत्साह असतो.

रविवारी आम्ही तिघं नोरीनबरोबर गेलो. लमार, विर्जिल आणि मी. मर्ल खिडकीशी खुर्चीत बसवलेला होता. अंगातला शर्ट त्याचाच, पण आतला माणूस दोन मापं लहान. लमार त्याच्यापुढं वाकला आणि मोठ्यानं बोलू लागला. वाचा गेलेल्याला ऐकूही येत नाही अशी लोकांची एक समजूत असते.

"मर्ल! नोरीन म्हणते चार-दहा काढायचं! आपण म्हणतो राहू दे! राहू दे ना?"

"बरोबर," मर्ल म्हणाला.

"ऐकलंत?" लमार आमच्याकडे वळला.

विर्जिल खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेला. "मर्ल, नोरीनला रोज एवढं लांब यावं लागतं. गाडी उकळते. मी तीन-शून्य-आठ टाकतो, सगळं नीट करून देतो. चालेल ना?"

"बरोबर."

"हे बरोबर जरा हळू होतं," लमार म्हणाला.

"हळू नव्हतं. तू ओरडत होतास म्हणून तसं वाटलं."

मला राहवलं नाही. "मर्ल, तीन-त्र्याहत्तरचं काय?"

"बरोबर," तो म्हणाला. पण माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला साखर, दूध आणि कॉफी वगळून कॉफी देऊ केली होती.

नोरीन त्याची हनुवटी पुसत होती. "झाली पंचायत? आता माझं ऐका. मार्चपासून गाडी माझ्या नावावर आहे. तीन-शून्य-आठ टाका. आणि लमार, तुला रडायचं असेल तर बाहेर बाक आहे."

काम विर्जिलच्या गॅरेजात दोन दिवस चाललं. आमच्या आयुष्यात आम्ही जेवढे ॲक्सल उघडले, ते सगळे लहान आकड्याकडून मोठ्याकडे नेण्यासाठी, शर्यतीसाठी. उलट्या दिशेनं जायची ही पहिलीच वेळ. गॅरेजात धर्मांतराला आल्यासारखं वातावरण होतं. तीन-शून्य-आठचा सगळा संच विर्जिलनं भंगारवाल्याकडून आणला. तो एका निवृत्त पाद्र्याच्या गाडीतला निघाला, यावर लमार दोन दिवस बोलत होता. पण काम सुरेख झालं. विर्जिलनं दातांना पिवळी पेस्ट लावून, फिरवून, कुठं घासतंय ते पाहिलं. कागदाएवढी पातळ पट्टी काढून पुन्हा घातली. पुन्हा फिरवून पाहिलं. सात वेळा. सातव्या वेळी दातावरचा ठसा असा मधोमध उमटला, की लमारनंसुद्धा टोपी काढली. उकळू नये म्हणून विर्जिलनं रेडिएटरही धुवून काढला. मजुरी त्यानं घेतली नाही. "मर्लनं असंच केलं असतं," तो म्हणाला, आणि आम्ही मान डोलावली.

सोमवारी नोरीननं गाडी नेली. त्यानंतरच्या शनिवारी ती डोनटचा खोका घेऊन पार्किंगात आली.

"काय मग?" विर्जिलनं विचारलं. असं विचारताना तो दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्याला ऐकायचं होतं.

"एकदाही उकळली नाही. आणि ऐक, बेचाळीस मिनिटांत पोचते आता. तेरा मिनिटं वाचतात! त्या तेरा मिनिटांत मी त्याची दाढी करते. कालपासून माणसात आलाय."

"बघ! गिअर नीट बसले की असं असतं."

"पण आवाज काही कमी झाला नाही रे. पंचावन्नला पूर्वी ओरडायची तेवढीच ओरडते."

"तुझ्या कानात बसलाय तो," लमार म्हणाला. "माझ्या बायकोला मी घरात नसलो तरी माझा आवाज येतो."

सगळे हसले. नोरीनही हसली. मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही हिशेबवाले. वेग तोच, रस्ता तोच, आवाज तोच, आणि वेळ कमी. हे कसं?"

मी वीस वर्षं हिशेब शिकवतो. अंतर, वेग आणि वेळ यांचा संबंध मी अशा मुलांना समजावलेला आहे, ज्यांना चहाचा कप आणि बशी यांचा संबंध समजत नव्हता. मी नोरीनला म्हणालो, "अगं, इंजिनावरचा ताण कमी झाला, की गाडी वेग टिकवून धरते. चढावर पडत नाही. त्यात वेळ वाचतो." आमच्या भागात चढ नाहीत. नदीचा उतार सोडला तर टेबल आणि आमचा परगणा यांत फरक मक्याचा. पण वाक्य चांगलं झालं होतं, आणि ती "असं होय" म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ती आली ती चिडलेली. बुधवारी पोलिसानं अडवलं होतं. रडारवर बहात्तर.

"मी पंचावन्नला होते. काटा पंचावन्नवर. मी त्या पोराला सांगत होते, आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी वाण्याच्या दुकानातून लोणी उचललंय. पन्नास वर्षांची झाले, आयुष्यात एक पावती नाही फाडली माझी कुणी."

हा विषय आमच्या पार्किंगाच्या जिव्हाळ्याचा. रडार खोटं असतं, यावर आमच्यात कधीच मतभेद झाला नाही. एकाच्या चुलत्याला उभ्या ट्रॅक्टरवर अडतीसची पावती मिळाली होती. लमारनं एका ओक वृक्षाचा वेग सांगितला. सगळे नोरीनची बाजू घेऊन इतके तावातावानं बोलत होते, की तिचा राग निवळला. "कोर्टात जा," मी म्हणालो. "मशीन कधी तपासलं ते विचार."

विर्जिल तेवढा काही बोलला नाही. त्यानं कॉफीचा कप ओठांशी नेला होता. तो तिथंच थांबला. मग त्यानं कॉफी प्यायली आणि म्हणाला, "नोरीन, पुढच्या शनिवारी गाडी आण माझ्याकडे. तेल बदलून टाकू."

"आत्ताच तर सगळं केलंस."

"नवीन गिअरला पहिलं तेल लवकर बदलतात."

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि निघाली. शनिवारी शाळा नसे, म्हणून तिला अकराची नव्हे, दहाचीच निघायची घाई असायची.

गुरुवारी, बाराला वीस मिनिटं असताना, नदीच्या वळणावर ती गेली. मक्याच्या काढणीचे दिवस. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा ओला चिखल. वळणाला चाळीसची पाटी आहे. वळणापलीकडे धान्याच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. शेव्हेलचे ब्रेक तिच्या काळातले, म्हणजे विनंतीवजा. ट्रॅक्टरवाल्याला काही झालं नाही. त्यानं शेरीफला सांगितलं, की बाई आली तीच भन्नाट आली.

रस्त्यावरच्या खुणा मोजून पोलिसांनी अहवाल दिला: वळणावर शिरताना वेग पन्नासच्या वर, वळणाआधी सत्तरच्या वर. कारण, अतिवेग. गावच्या साप्ताहिकात तसंच छापून आलं. पोस्टात, चर्चमध्ये लोक हळू आवाजात म्हणू लागले, की बिचारी थकली होती. तिला तेव्हा जगायचं होतं की नाही, देव जाणे. आधीच्या आठवड्याची पावती होतीच पुराव्याला.

मी तो आकडा वाचला आणि स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. तिचा काटा पंचावन्न, रडार बहात्तर. मग चार-दहा भागिले तीन-शून्य-आठ. कागदी रुमालावर करता येईल एवढा भागाकार. उत्तर एक पूर्णांक तेहतीस शतांश. पंचावन्नला त्यानं गुणा, त्र्याहत्तर.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, ॲक्सलच्या आधीच. मागं काय बदललं, हे तिला कळायला मार्ग नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या कुशीत अंगठ्याएवढं एक प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. ॲक्सल बदलला, की तेही बदलायचं. आम्ही कधी बदलत नसू. शर्यतीत काट्याकडे बघतो कोण? आणि मोठ्या आकड्याकडे जाताना काटा जास्त दाखवायचा, म्हणजे नकळत आम्ही कायद्यात राहायचो. या दिशेनं काटा कमी दाखवतो. मर्लनं आपल्या वेळी ते चाक न चुकता बदललं होतं. चार-दहाला त्याचा काटा अचूक होता. आम्ही ॲक्सल सात वेळा उघडला, आणि नोरीनचा काटा खोटा करून तिच्या हातात दिला. तिला पंचावन्न दिसत होतं तेव्हा ती त्र्याहत्तरनं जात होती. वळणावर तिनं नेमानं चाळीसवर आणलं. गाडी त्रेपन्नला होती. इंजिनाचे फेरे मात्र पूर्वी पंचावन्नला असत तेवढेच. म्हणून आवाज तेवढाच. तिनं मला गणित संपूर्ण मांडून दिलं होतं. फक्त उत्तर विचारलं होतं.

अंत्यसंस्कार सोमवारी झाले. मंगळवारी मी विर्जिलकडे गेलो. तो गॅरेजात स्टुलावर बसला होता आणि बाकावर एक छोटं फुगीर पाकीट होतं, न फोडलेलं.

"तू बोलू नकोस, मास्तर," तो म्हणाला. "मला त्या शनिवारीच कळलं. बहात्तर म्हणाली ना, तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिथं? सगळ्यांसमोर?"

त्यानं पाकीट उचलून पालथं केलं.

"सोमवारी ते चाक मागवलं. म्हटलं, तेल बदलताना गुपचूप बसवून टाकू. पाच दिवसांचा तर प्रश्न. पाच दिवस, मास्तर. शुक्रवारी आलं हे."

"'काटा एक्केचाळीसवर ठेव' एवढंच म्हणायचं होतं."

"मला माहीत आहे किती म्हणायचं होतं," विर्जिल म्हणाला.

शनिवारी मी विषय लमारपुढं काढला. तो बराच वेळ बुटानं खडी उकरत राहिला. "सांगून ती परत येणार आहे का?" तो म्हणाला. "विर्जिलकडे मग गाडी देईल का कुणी? छत्तीस वर्षं काम केलंय त्यानं. आणि मर्लला काय सांगणार? की तुझ्या दोस्तांनी?" बाकी कुणी काही बोललं नाही, म्हणजे ठराव मंजूर झाला. त्या सकाळी आमची चर्चा तेलाच्या जाडपणावर झाली.

मर्लला नोरीन गेल्याचं त्याच्या मुलीनं सांगितलं होतं. ग्वेन, ऑरेगनला असते. ती तीन आठवडे राहिली. आम्ही दुपारच्या घासाच्या पाळ्या लावल्या, कारण आम्हाला पाळ्या लावता येतात. लमारच्या हातून त्यानं खाल्लं नाही. विर्जिल दाराशीच थबकायचा आणि चमचा तिथल्या मदतनीस मुलीकडे देऊन परत यायचा. माझ्या हातून तो खाऊ लागला. मी कुठलीच गोष्ट झटपट करत नाही. कॉलेजात याबद्दल लेखी तक्रारी आहेत. इथं तेच कामाला आलं. दोन आठवडे मी रोज गेलो. वजन उतरायचं थांबलं. नळीच्या हद्दीला अजून दोन पौंड बाकी होते.

ग्वेन जायच्या आदल्या दिवशी मी वाटाण्याचा लगदा भरवत होतो आणि ती खिडकीशी बॅगेची चेन ओढत होती. "मला कळत नाही," ती म्हणाली. "आई लहानपणी आम्हाला सायकलसुद्धा पळवू द्यायची नाही. एवढ्या वेगानं कशाला? कसली घाई होती? बाबा दहा मिनिटं थांबले नसते का?" ती माझ्याशी बोलत होती, पण मर्ल ऐकत होता. त्यानं डोकं डावीकडून उजवीकडे हलवलं, नाही म्हणावं तसं. तोंडातून निघालं ते, "बरोबर." मग पुन्हा डोकं हलवलं, जोरात, आणि पुन्हा तोच शब्द. ग्वेन रडत बाहेर गेली. त्याला वाटत होतं तिनं आपल्यासाठी घाई केली, आपल्या ताटासाठी. हे मला त्याच्या डोळ्यांत सरळ दिसलं आणि मला ते पुढं चालू देता येईना.

दुसऱ्या दिवशी ग्वेन गेल्यावर मी दार लोटलं. पहिले पाच चमचे झाले. मग मी चमचा वाटीत ठेवला.

"मर्ल, ऐक. नोरीन जोरात चालवत नव्हती. तिचा काटा पंचावन्नवर होता. वळणावर चाळीसवर होता."

मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"आम्ही ॲक्सल बदलला. गिअरबॉक्समधलं ते छोटं चाक बदललं नाही. कुणाला आठवलंच नाही. तिनं मला विचारलं होतं, वेळ कमी कसा लागतो. मी काहीतरी सांगितलं."

बाकी कुणाला हे समजावायला मला अर्धा तास लागला असता, आणि त्या अर्ध्या तासात मला स्वतःसाठी दोनचार बऱ्या जागा शोधता आल्या असत्या. मर्लला एक वाक्य पुरलं. त्याचे डोळे माझ्यावरून निघून भिंतीवर गेले आणि ओठ हलू लागले, आवाज न करता. मला आधी वाटलं प्रार्थना करतोय. मग लक्षात आलं, तो भागत होता. चार-दहा, तीन-शून्य-आठ. मीही स्वयंपाकघरात तसाच उभा राहून भागलं होतं. त्याला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

ओठ थांबले. मी वाट पाहिली, तो शब्द येईल म्हणून. आला नाही. मी चमचा भरला आणि पुढं केला. त्यानं ओठ मिटले. मी बाराचे साडेबारा होऊ दिले, वाटी गरम करून आणली, पुन्हा चमचा पुढं केला. पाऊण वाजला. ओठांची ती रेघ विर्जिलच्या पातळ पट्टीनंही उघडली नसती.

एकला तिथली मदतनीस मुलगी ताट न्यायला आली. वाटी बघून म्हणाली, "आज काय झालं? काल तर सगळं संपवलं होतं."

"आज नको म्हणतायत."

"तुम्ही दोघं मघाशी बोलत होतात ना? मला वाटलं, चला, आज मूड चांगला आहे. काय एवढं बोलत होतात?"

मी रुमालानं त्याची हनुवटी पुसली. ती कोरडीच होती.

"गाडीबद्दल," मी म्हणालो.